शुगर, मेडिगॅप आणि ई ११.४२

"शुगर असली की मेडिगॅप विसरा," असं इकडे न्यू जर्सीत गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत कोणीतरी ठासून सांगतं. दोन माणसं सोडून उभा असलेला दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो, "काही नाही हो, आमच्या दादांना मिळालं की! कोणी विचारलंसुद्धा नाही." मेडिगॅप म्हणजे सरकारी मेडिकेअर विम्यातून सुटणारा खर्च भरून काढणारी खासगी पॉलिसी. आणि दोघेही खरं बोलत असतात. अर्ज कधी केला, कुठल्या राज्यात केला आणि आपल्या नावाच्या फाइलीत कोणी काय लिहून ठेवलंय, यावर सगळं ठरतं. यातल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल रांगेत कोणीच बोलत नाही. मला टाइप २ डायबेटीस होऊन बारा-तेरा वर्षं झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मी मेडिगॅपसाठी अर्ज केला. पुढचे दोन-तीन महिने या फाइलीच्या पाठीमागे गेले.

ज्यांचे आई-वडील इकडे आहेत, किंवा जे स्वतः पासष्टीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यासाठी आधी थोडी मांडणी. पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा, भाग ए हॉस्पिटलचा, भाग बी डॉक्टर, तपासण्या आणि बाहेरच्या उपचारांचा. बी मध्ये वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची ठरावीक रक्कम, भरलं (२०२५ साली २५७ डॉलर) की पुढच्या मान्य खर्चातले ८० टक्के सरकार देतं आणि २० टक्के आपण. या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही. ए चं डिडक्टिबल तर वर्षाचंही नाही. हॉस्पिटलात राहण्याच्या प्रत्येक नव्या टप्प्याला ते लागू शकतं, २०२५ मध्ये १६७६ डॉलर. हे उरलेलं भरून काढायला खासगी कंपन्या जी पॉलिसी विकतात ती मेडिगॅप. तिचे प्लॅन अक्षरांनी ओळखले जातात आणि बहुतेक सगळ्या राज्यांत एका अक्षरात तोच माल मिळतो: प्लॅन जी कुठल्याही कंपनीचा घ्या, मूळ फायदे कायद्याने सारखेच. बदलतो तो हप्ता. आणि आजारी माणसाला दारात उभं करायचं की नाही, हे ठरवणारे प्रश्नही बदलतात.

दुसरी वाट मेडिकेअर ॲडव्हांटेजची, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीचा प्लॅन घेण्याची. हप्ता बहुधा शून्य, दात-चष्मा-जिम वरून, पण डॉक्टर नेटवर्कमधले आणि मोठ्या तपासणीआधी कंपनीची परवानगी. २०२१ मध्ये पासष्ट झालो तेव्हा मी हीच वाट धरली आणि तीन वर्षं माझं उत्तम चाललं, हेही सांगायला हवं. नंतर माझा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे शुगरचा डॉक्टर, ज्या हॉस्पिटल-समूहात बसतो, त्याचं आणि आमच्या प्लॅनचं दरावरून फाटलं. दोघांकडूनही आम्हा पेशंटांना पत्रं यायला लागली, प्रत्येकाचा सूर 'दोष त्यांचा' असा. त्यातच खांदा आखडला, एमआरआयची परवानगी अडकली, आणि मी ठरवलं की मूळ मेडिकेअर अधिक मेडिगॅप प्लॅन जी घ्यायचा. देशभरात मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो, परवानगीची कटकट जवळपास नाही.

आता वेळेचा नियम. पासष्ट पूर्ण आणि भाग बी सुरू, हे दोन्ही जमल्याच्या महिन्यापासून सहा महिने मेडिगॅपची खिडकी उघडी असते. त्या काळात कुठलीही कंपनी आजारावरून नाही म्हणू शकत नाही आणि जास्त पैसेही मागू शकत नाही. पासष्टाव्या वर्षी थेट ॲडव्हांटेज घेतलेल्याला पहिल्या बारा महिन्यांत परतायची आणखी एक हक्काची संधी मिळते. प्लॅन बंद पडला, आपण त्याच्या भागातून बाहेर राहायला गेलो, अशी आणखी काही कारणं आहेत. दोन संस्थांचं दरावरून भांडण यातल्या कशात बसत नाही. माझ्यापुढे उरलं ते अंडररायटिंग, म्हणजे कंपनी तुमची तब्येत तपासणार आणि मग हवं तर घेणार.

ओबामांच्या २०१० च्या कायद्यामुळे २०१४ पासून पासष्टीच्या आतल्या माणसाला आधीच्या आजारावरून विमा नाकारता येत नाही. मेडिगॅपला तो नियम लागू नाही. चौसष्टाव्या वर्षी डायबेटीसवरून कोणी अडवू शकत नाही आणि अडुसष्टाव्या वर्षी खुशाल अडवू शकतं. त्यातही राज्याराज्याचा न्याय वेगळा. न्यूयॉर्कमध्ये बारा महिने कधीही अर्ज करा, प्रकृतीवरून नकार नाही, फक्त हप्ते बरेच चढे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघून आऊटरब्रिजचा पूल ओलांडला की स्टेटन आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क. अर्ध्या तासाच्या आतलं अंतर. तिथे राहणाऱ्या माझ्या कॉलेजमित्राला माझ्यापेक्षा जास्त शुगर आहे, हृदयात दोन स्टेंट आहेत, आणि मेडिगॅप बदलताना त्याला यातलं काही सांगावंही लागलं नाही.

मी आधी गेलो काउंटीच्या शिप कार्यालयात. राज्याराज्यात चालणारी ही विनामूल्य सल्लासेवा आहे. तिथले स्वयंसेवक काही विकत नाहीत, त्यामुळे त्यांना घाई नसते. माझ्या वाट्याला आलेल्या निवृत्त शाळामास्तरीण बाईंनी माझ्या औषधांची यादी वाचली, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाल्या, "डायबेटीस आहे म्हणून काळजी करू नका. डायबेटीसच्या जोडीला काय आहे ते मला सांगा."

सगळी मेख या जोडीत होती. अर्जावर सहसा 'डायबेटीस आहे का' असा साधा प्रश्न नसतोच. डायबेटीसबरोबर डोळ्याच्या पडद्याचा, मूत्रपिंडाचा किंवा मज्जातंतूंचा त्रास आहे का? दिवसाला पन्नास युनिटांपेक्षा जास्त इन्सुलिन लागतं का? डायबेटीस आहे आणि हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे का? काही कंपन्या विचारतात, डायबेटीस आणि ब्लडप्रेशर दोन्ही असतील तर प्रेशरवर किती औषधं? तीन किंवा जास्त असली की दार बंद. गेल्या दोन वर्षांत औषध वाढवावं लागलं का, हेही येतं. एखादी कंपनी नुसत्या मेटफॉर्मिनवाल्याला हसतमुखाने घेते, तर एखादी इन्सुलिन म्हटलं की युनिट मोजायच्या आधीच नको म्हणते. प्रत्येकीची यादी निराळी, त्यामुळे एकीचा नकार हा सगळ्यांचा नकार नसतो.

एजंटही घेतला. चांगला एजंट या याद्या कोळून प्यालेला असतो, त्याला कमिशन कंपनी देते आणि आपला हप्ता त्यामुळे वाढत नाही. त्याने पहिल्याच फोनवर माझं 'त्रिकूट' काढून घेतलं: शुगर, प्रेशर, कोलेस्टेरॉल. मेटफॉर्मिन, लिसिनोप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, ॲटोर्वास्टॅटिन. ए-वन-सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.९, दोन वर्षं ६.७ ते ७.१ च्या मध्ये. इन्सुलिन नाही. "प्रेशरची गोळी एक, पण आत औषधं दोन," तो म्हणाला. "दोनच मोजू. तिसरं असतं तर दोन कंपन्या गेल्या असत्या." मग त्याने वजन-उंची विचारली, कारण बहुतेक कंपन्यांकडे त्याचाही तक्ता असतो. त्याच्या मते मी सरळ पास होणारं प्रकरण होतो.

एक गंमत. या काळात मला दोघा-तिघा हितचिंतकांनी सुचवलं की डॉक्टरला सांगून एखादं औषध तात्पुरतं बंद कर, यादी छोटी दिसेल. आजारी माणसाने निरोगी दिसण्यासाठी औषध सोडायचं! शिवाय त्याचा उपयोगही नाही, कारण कंपन्या गेल्या काही वर्षांचा औषधखरेदीचा इतिहास विकत घेतात. अर्जावर सही करताना आपणच त्याची परवानगी देतो. आज बंद केलेली गोळी त्यात मागच्या सगळ्या तारखांसकट असते. आणि खोटं लिहिलं तर पुढे क्लेमच्या वेळी पॉलिसीच रद्द व्हायची भीती.

आणि तरीही पहिल्या कंपनीने मला नाकारलं. पत्र दोन परिच्छेदांचं, कारण 'औषधांच्या इतिहासावरून दिसणारी प्रकृती'. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा निर्णय अमुक संस्थेच्या अहवालावर आधारलेला आहे आणि साठ दिवसांत मागितल्यास तुम्हाला त्याची प्रत फुकट मिळेल. हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि बहुतेक लोक ते पत्र संतापाने फाडतात. मी प्रत मागवली.

आली तेव्हा बायकोने ती जेवणाच्या टेबलावर पसरली आणि हळूहळू गप्प झाली. मी गेल्या काही वर्षांत कुठल्या दुकानातून, कुठल्या तारखेला, किती गोळ्या घेतल्या, लिहून देणारा डॉक्टर कुठल्या शाखेचा, सगळं ओळीने. दाढ काढली तेव्हाची वेदनाशामकंही. त्यात २०२३ च्या मार्चपासून पुढे काही महिने एक ओळ पुन्हा पुन्हा: गॅबापेंटिन, ३०० मिलिग्रॅम, ९० कॅप्सूल.

त्या मार्चमध्ये मला नागीण झाली होती. उजव्या बरगडीवर, पाठीपासून पुढपर्यंत पट्टा. फोड गेले पण आग राहिली, शर्ट घासला तरी जीव जायचा. नागिणीनंतरच्या त्या मज्जातंतूंच्या वेदनेवर गॅबापेंटिन देतात. पण पायांच्या मज्जातंतूंना डायबेटीसने इजा झाली की तेव्हाही तेच देतात. अहवालात औषध असतं, ते कशासाठी दिलं हे नसतं. मेटफॉर्मिनच्या शेजारी गॅबापेंटिन दिसलं की अंडररायटर दोन आणि दोन चार करतो: डायबेटिक न्युरोपॅथी. नकार.

"हे तर एका पत्राचं काम," एजंट म्हणाला. "डॉक्टरकडून नागिणीचं लिहून आणा." मी डॉक्टरांच्या ऑनलाइन पोर्टलवर माझी फाइल उघडली, नागिणीची नोंद शोधायला. नोंद होती. पण आजारांच्या यादीत सगळ्यात वर होतं: ई ११.४२.

अमेरिकेत प्रत्येक निदानाला एक कोड असतो. टाइप २ डायबेटीस, गुंतागुंत नाही, म्हणजे ई ११.९. तीन वर्षांपूर्वी माझा तोच होता. ई ११.४२ म्हणजे टाइप २ डायबेटीस आणि त्यामुळे झालेली पॉलिन्युरोपॅथी, म्हणजे मज्जातंतूंची इजा, बहुधा पायांतली. माझ्या पायांना कधी मुंगी आली नव्हती, आणि कागदोपत्री मला तळपायांचा रोग होता.

तारीख २०२३ च्या उन्हाळ्यातली. त्या उन्हाळ्यात आमच्या ॲडव्हांटेज प्लॅनने 'वार्षिक आरोग्यभेटी'साठी एक नर्स घरी पाठवली होती. फुकट, वर पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड. बाई चांगल्या होत्या. चहा घेतला, ब्लडप्रेशर पाहिलं, औषधांच्या बाटल्या एकेक उचलून टॅबलेटवर नोंदवल्या, विचारलं की कुठे आग होते का? मी बरगडी दाखवली. त्यांच्या फॉर्ममध्ये बरगडीला जागा नसावी. डायबेटीस आहे, मज्जातंतूंची आग आहे, गॅबापेंटिन आहे. कोड तयार झाला, अहवाल माझ्या डॉक्टरांच्या ऑफिसात गेला, आणि तिथे कोणीतरी तो यादीत चढवला.

अशा भेटी का होतात, हे मला त्या आठवड्यात कळलं. ॲडव्हांटेज कंपन्यांना सरकार दर सभासदामागे पैसे देतं, आणि सभासद जितका आजारी तितके जास्त. ई ११.९ पेक्षा ई ११.४२ ला त्या हिशेबात जास्त वजन होतं. घरभेटींत मिळालेल्या, पण पुढे ज्यांवर उपचार झाल्याची नोंदच नाही अशा निदानांवर आरोग्यखात्याच्या महानिरीक्षकांनी आपल्या अहवालांत वारंवार बोट ठेवलं आहे. माझ्या बाबतीत कोणी मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. पण जी नोंद एका कंपनीला फायद्याची, तीच दुसऱ्या कंपनीचं दार माझ्यासाठी लावून घेत होती, आणि दोन्ही व्यवहारांत मला कोणी विचारलं नव्हतं.

वैद्यकीय नोंदीत दुरुस्ती मागण्याचा हक्क हिपा या आरोग्य-माहितीच्या कायद्याखाली पेशंटला आहे. लेखी अर्ज करायचा, दवाखान्याने साठ दिवसांत निर्णय द्यायचा. मी अर्ज लिहिला, सोबत नागिणीच्या वेळचे कागद जोडले, आणि पोर्टलवर पाठवून न थांबता डॉक्टरांची वेळ घेतली. हे महत्त्वाचं, कारण नुसती नोंद खोडण्यापेक्षा 'तपासलं आणि नाही आढळलं' अशी ताजी नोंद हजारपट बरी.

डॉक्टरांनी मोजे काढायला लावले. दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने अंगठ्याखाली, करंगळीखाली, चवड्यावर टोचत गेले. मी डोळे मिटून 'हो, हो' म्हणत होतो. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठोकून अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि म्हणाले, थरथर थांबली की सांगा. घोट्याचे झटके पाहिले. सगळं जागच्या जागी. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून माझ्यासमोर ई ११.४२ काढला, ई ११.९ घातला, आणि नागिणीनंतरच्या वेदनेची जुनी नोंद 'बरी झालेली' म्हणून खाली टाकली. पत्रात चारच वाक्यं होती: गॅबापेंटिन नागिणीसाठी दिलं, बंद करून वर्ष झालं, पायांची तपासणी या तारखेला सामान्य, डायबेटीसची गुंतागुंत आढळलेली नाही. लांबलचक शिफारशीपेक्षा अशी चार वाक्यं अंडररायटर वाचतो.

पुढची एक कंपनी एजंटने स्वतःच बाद केली, तिच्या यादीत 'गेल्या तीन वर्षांत गॅबापेंटिन' असं कारण न विचारता होतं. मग जिथे अर्ज केला तिथे पत्र अर्जाबरोबरच जोडलं. नंतर टेलिफोन-मुलाखत झाली, रेकॉर्ड होणारी. डायबेटीस कधी कळला, शेवटचा ए-वन-सी किती, कधी तपासला? पायाला जखम, व्रण? डोळ्यांत लेझर किंवा इंजेक्शन? लघवीतून प्रोटीन? दोन वर्षांत हॉस्पिटलात मुक्काम? कुठली शस्त्रक्रिया सुचवलेली पण न केलेली? हा शेवटचा प्रश्न फार लोकांना अडकवतो. गुडघा बदलायचं डॉक्टर म्हणालेत आणि आपण पुढे ढकललंय, असं असेल तर ती शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबा म्हणतात. माझा खांदा तोवर फिजिओथेरपीने सुटला होता आणि शस्त्रक्रियेचं कोणी बोललं नव्हतं, म्हणून बचावलो. बायको समोर बसून प्रत्येक उत्तराला मान हलवत होती. विचारलं तेवढंच खरं आणि नेमकं सांगायचं, आपली प्रकृतीकथा लावायची नाही, हे तिनेच आधी बजावलं होतं.

मंजुरी डिसेंबरच्या मध्याला आली. ऑक्टोबर १५ ते डिसेंबर ७ ही प्लॅन बदलायची नेहमीची मुदत तोवर टळून गेलेली. पण हातात मंजुरी नसताना ॲडव्हांटेज सोडायचा नाही, हे शिपच्या बाईंनी आणि एजंटने दोघांनीही बजावलं होतं, आणि ते सोळा आणे खरं. ॲडव्हांटेजवाल्यांना १ जानेवारी ते ३१ मार्च अशी बाहेर पडायची आणखी एक मुदत असते. तिचा उपयोग झाला. जानेवारीत औषधांचा स्वतंत्र भाग डी प्लॅन घेतला. तो घेतला की ॲडव्हांटेज आपोआप सुटतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मूळ मेडिकेअर, डी आणि प्लॅन जी तिन्ही एका तारखेला सुरू, मध्ये एका दिवसाचीही फट नाही.

मेडिगॅपमध्ये औषधं येत नाहीत, म्हणून डी हवाच. २०२५ साली त्यात वर्षभरात खिशातून दोन हजार डॉलरच्या वर जात नव्हतं, आणि इन्सुलिन महिन्याला पस्तीस डॉलरच्या वर नाही. शुगर मोजायच्या पट्ट्या आणि यंत्र भाग बी मध्ये येतात, म्हणजे वीस टक्के आता प्लॅन जी भरतो. त्याचा हप्ता महिन्याला दोनशे डॉलरच्या आसपास, बी चा हप्ता (२०२५ साली १८५) वेगळा. शून्य हप्त्याच्या सवयीला हे टोचतं. दर वर्षी वाढेलही, पण हप्ता भरत राहिलो तर प्रकृतीवरून मला काढता येत नाही.

पुण्याला जाणाऱ्यांसाठी एक: मूळ मेडिकेअर भारतात काही देत नाही, पण प्लॅन जी मध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांची तरतूद आहे. प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत, अडीचशे डॉलर वजा जाता ऐंशी टक्के, आयुष्यभरात मिळून पन्नास हजारांपर्यंत. आमच्यासारखे तीन-तीन महिने राहणाऱ्यांना साठ दिवस कमी पडतात, तेव्हा वेगळा प्रवासविमा घ्यावाच लागतो.

आता बायकोचा नंबर. ती येत्या सप्टेंबरात पासष्टची होते. तिला माझ्यापेक्षा जुनी शुगर, दिवसाला चोपन्न युनिट इन्सुलिन, डोळ्यात दोनदा लेझर. मी दिलेल्या मुलाखतीत ती पहिल्या पाच मिनिटांत बाद झाली असती. पण तिची सहा महिन्यांची खिडकी सप्टेंबरात उघडते, म्हणून एजंटने तिचा प्लॅन जी चा अर्ज आत्ताच भरून ठेवला. आरोग्याच्या प्रश्नांवर येताच तो म्हणाला, "हे पान कोरं सोडा. तुम्हाला हे विचारायची त्यांना परवानगीच नाही."

बायकोने पान उलटून पुन्हा मागे आणलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "अरे, माझी तर सगळी उत्तरं पाठ झाली होती!"